टेबल मांडणारी : क्लारा पीटर्सची स्थिरचित्रं

(स्मृती व्याख्यानमालेत ऑनलाइन दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकला शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी मुलांच्या पिढ्या बसवल्या. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला फार शोधावं लागलं नाही. त्या परीक्षांमधला एक पेपर महाराष्ट्रात शिकलेल्या असंख्य माणसांना आठवत असेल. स्टुलावर तांब्या, शेजारी एखादं वांगं किंवा दोन केळी, मागे घड्या पडलेलं कापड, आणि ‘उजेड कुठून येतोय ते आधी बघा’ ही सूचना. स्थिरचित्राशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख तिथे होते आणि तिथेच संपते. हात बसावा म्हणून करायचा सराव, पुढच्या मोठ्या चित्रांकडे नेणारी पायरी, एवढीच त्याची किंमत मनात राहते. ही किंमत फार कमी धरली गेली आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आजचा तास मी त्यासाठीच मागून घेतला आहे.

मी क्युरेटर म्हणून काम करते. कोणतं चित्र कोणाशेजारी, किती उंचीवर, किती उजेडात लावायचं आणि त्याच्याखाली काय लिहायचं, हे ठरवणं हा माझा व्यवसाय. म्हणून नुसता इतिहास सांगण्यापेक्षा मी तुम्हाला एका प्रदर्शनात नेते.

माद्रिदचं प्रादो संग्रहालय १८१९ साली लोकांसाठी खुलं झालं. वेलास्केस, गोया, रूबेन्स, तिशियन यांची चित्रं एका छताखाली पाहायला जग तिथे जातं. या संग्रहालयाने केवळ एका स्त्रीच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरवलं ते २५ ऑक्टोबर २०१६ रोजी. म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. ती स्त्री म्हणजे अँटवर्पची चित्रकार क्लारा पीटर्स. क्युरेटर होते अलेहान्द्रो वेर्गारा. प्रदर्शन १९ फेब्रुवारी २०१७ पर्यंत चाललं, आणि त्यात चित्रं होती फक्त पंधरा. त्याआधी ते अँटवर्पच्या रॉकॉक्स हाउसमध्ये लागलं होतं. शहराचा महापौर आणि रूबेन्सचा मित्र निकोलास रॉकॉक्स याचं हे राहतं घर. क्लारा जी चित्रं रंगवत होती ती मुळात अशाच घरांच्या भिंतींसाठी होती, त्यामुळे सुरुवात तिथून झाली हे मला फार योग्य वाटतं.

प्रादोला पंधरा चित्रांसाठी सगळीकडे हात पसरावे लागले नाहीत. क्लाराची चार चित्रं त्यांच्याकडे आधीपासून होती, स्पेनच्या राजघराण्याच्या संग्रहातून आलेली. चित्रं होती, फक्त त्यांच्यासाठी कोणी एक दालन मोकळं केलं नव्हतं. २०१९ मध्ये याच संग्रहालयाने सोफोनिस्बा आंग्विसोला आणि लाविनिया फोन्ताना या दोन इटालियन चित्रकर्तींचं मोठं प्रदर्शन केलं. दार एकदा उघडलं की पुढचं काम सोपं होतं, हे मी आमच्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

क्लारा पीटर्सविषयी कागदपत्रं जवळपास नाहीत. तिची पत्रं नाहीत, हिशेबाची वही नाही, कोणी लिहिलेल्या आठवणी नाहीत. आहेत ती चित्रं : सुमारे चाळीस तिच्या नावावर मानली जातात. तारीख घातलेल्यांपैकी सर्वांत जुनं १६०७चं. काही चित्रांच्या लाकडी फळ्यांवर आणि चित्रातल्या सुऱ्यांवर अँटवर्प शहराचे छाप दिसतात, त्यावरून ती कुठे काम करत होती हे कळतं. म्हणजे तिचं चरित्र वाचायचं तर तिने रंगवलेल्या भांड्यांवरूनच वाचावं लागतं. आणि गंमत पाहा, तिने ते तिथे लिहूनही ठेवलं आहे.

ते पाहण्याआधी त्या काळी चित्रांची प्रतवारी कशी लागत असे ते थोडक्यात सांगते. धर्मकथा, पुराणकथा, इतिहासातले प्रसंग रंगवणारा चित्रकार सर्वांत वर. त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन प्रसंग, निसर्गदृश्य, प्राणी, आणि तळाला फळं-फुलं-भांडी. फ्रान्सच्या शाही चित्रकला अकादमीसाठी आंद्रे फेलिबियाँ याने १६६७च्या सुमारास ही उतरंड नीट शब्दांत मांडली, पण ती मनात त्याआधीच पक्की झालेली होती. प्रसंगचित्र काढायचं तर मानवी शरीर यायला हवं, आणि शरीर यायचं तर नग्न मॉडेलसमोर बसून अभ्यास करायला हवा. स्त्रियांना त्या वर्गाचं दार बंद होतं. त्यामुळे तळाची खोली त्यांच्या वाट्याला आली. हे लक्षात घेतलं की ‘बायकांना फुलं काढायला आवडतात’ यासारख्या वाक्याला काही आधार उरत नाही.

आता पडद्यावर पहिलं चित्र आणते. १६११ सालचं, प्रादोमधलं. आकार लहान आहे, सुमारे पन्नास सेंटिमीटर उंच आणि सत्तर सेंटिमीटर रुंद. लाकडी फळीवर तैलरंग. काळोखी पार्श्वभूमी, पुढे टेबलाची कड. फुलदाणीत फुलं, सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा झाकणाचा चषक, बदाम आणि सुकामेवा, साखरेची मिठाई, पाव, काचेच्या पेल्यात वाइन, आणि कथलाच्या मिश्रधातूची एक सुरई. पहिल्या नजरेत एवढंच दिसतं. दालनात उभं राहून पाहणारा माणूस एवढंच पाहून पुढे जातो, कारण शेजारच्या दालनात रूबेन्सची घोडे आणि तलवारींची दोन माणसं उंच चित्रं त्याला बोलावत असतात.

आपण आज पडद्यावर भेटतो आहोत. समोरासमोर भेटलो असतो तर बरं झालं असतं असं अनेकांनी कळवलं, आणि मलाही तसंच वाटतं. पडदा चित्राचं माप खातो. टपालाच्या तिकिटाएवढं चित्र आणि भिंतीएवढं चित्र तुमच्या मोबाइलवर एकाच आकाराचं होतं. रंगाची जाडी, लाकडावरची चकाकी, बाजूने पाहिल्यावर दिसणारा कुंचल्याचा माग, यातलं काहीही तुमच्यापर्यंत येत नाही. पण क्लाराच्या बाबतीत पडदा एक काम असं करतो जे दालनात करता येत नाही. दालनात चित्रापासून अमुक अंतराच्या आत पाऊल टाकलं की पहारेकरी हटकतो. इथे तो नाही. चला, त्या चषकाजवळ जाऊ या. अजून जवळ.

चषकावर धातूचे फुगीर उंचवटे आहेत. त्या प्रत्येक उंचवट्यावर उजेडाचा एक ठिपका आहे, आणि ठिपक्याशेजारी काहीतरी गडद आहे. आता पुरेसं मोठं केलं. तो चेहरा आहे. डोक्याला टोपी, गळ्याशी पांढरी कॉलर, बाजूला खिडकी. हीच आकृती शेजारच्या उंचवट्यावर पुन्हा आहे, थोडी वेगळी वाकलेली. आणि सुरईच्या पोटावरही आहे. टेबलासमोर बसून चित्र काढणारी बाई टेबलावरच्या धातूत उमटली आहे, आणि तिने स्वतःला एकदा नव्हे, अनेकदा तिथे रंगवलं आहे. काही प्रतिमा तर नखाहून लहान आहेत.

हा अपघात नाही. तिच्या किमान आठ चित्रांत अशी प्रतिबिंबं सापडतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयात १६१२चं एक चित्र आहे, फुलं, शिंपले आणि उंच चषकांचं. त्यातल्या चषकावरच्या प्रतिमांमध्ये तिच्या हातात पॅलेट आणि कुंचलेही दिसतात. फ्लेमिश परंपरेत प्रतिबिंबाचा हा खेळ जुना आहे. यान व्हान आयकने १४३४च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या गोल आरशात दारातली माणसं दाखवली होती. क्लाराला ही परंपरा ठाऊक असणार. पण व्हान आयकच्या चित्रात पुढे दोन माणसं उभी आहेत, आरसा मागे आहे. क्लाराच्या चित्रात माणूस म्हणून दुसरं कोणीच नाही. ज्या चित्रप्रकाराला ‘यात माणसं नसतात’ म्हणून खालची पायरी दिली, त्याच प्रकारात तिने माणूस आणला, आणि तो माणूस काम करणारी ती स्वतः.

स्वतंत्र आत्मचित्र काढायला तिला कोणी मनाई केली नसती. सोफोनिस्बाने तिच्या कितीतरी आधी काढली होती. मग क्लाराने स्वतःला इतकं लहान का केलं? काहींना त्यात स्त्रीसुलभ संकोच दिसतो. मला तसं वाटत नाही. ज्याला आपलं कौशल्य सिद्ध करायचं आहे त्याच्यासाठी वाकड्या, चकाकत्या, सोनेरी पृष्ठभागावर नखाएवढा चेहरा ओळखू येईल असा काढणं ही सर्वांत अवघड परीक्षा आहे. ती परीक्षा तिने स्वतःहून, वारंवार दिली. विकत घेणाऱ्याने चित्र घरी नेलं, रोज पाहिलं, आणि एखाद्या दिवशी उन्हाच्या कवडशात त्याला ती दिसली, तर त्या घरात ती कायमची वस्तीला आली. संकोच करणारी व्यक्ती आठ वेळा असं करत नाही.

आता सुरी. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं हे चित्र १६१५च्या आसपासचं आहे. मोठमोठ्या चीजचे थर, वर ताटलीत लोण्याच्या वळ्या, बदाम आणि सुकामेव्याची चिनी मातीची ताटली, वळ्यावळ्यांची बिस्किटं. आणि टेबलाच्या कडेवरून थोडी आपल्याकडे आलेली चांदीची सुरी. तिच्या मुठीच्या बाजूवर कोरलेलं नाव वाचा : क्लारा पीटर्स. त्या काळी पाहुणे जेवायला जाताना आपली सुरी बरोबर नेत, आणि लग्नात नवरीला नाव कोरलेली सुरी भेट देण्याची रीत होती. ही तशीच सुरी आहे, आणि ती तिच्या अनेक चित्रांत पुन्हा पुन्हा येते. चित्रकार सही कोपऱ्यात करतो. क्लाराने सही वस्तूवर केली. ती सुरी तिच्या मालकीची म्हणून टेबलावर आहे, त्यामुळे हे टेबल कोणाचं, हा प्रश्नच उरत नाही. याच चित्रातल्या मातीच्या सुरईचं कथलाचं झाकण मोठं करून पाहा, तिथेही ती आहे.

मॉरित्सहाउसच्या या चित्रात आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या काळातले बरेच चित्रकार टेबलाकडे उंचावरून पाहत, म्हणजे प्रत्येक ताटली वेगळी, पूर्ण, नकाशासारखी दिसे. क्लारा इथे खाली बसते. तिची नजर टेबलाच्या कडेच्या जवळ येते. त्यामुळे वस्तू एकमेकींच्या आड जातात, चीजचे थर डोंगरासारखे उभे राहतात, आणि पाहणारा टेबलाशी बसलेला पाहुणा होतो. इंटरमिजिएटला बसलेल्या कोणालाही विचारा, वस्तू एकमेकींच्या आड आल्या की चित्र किती अवघड होतं ते.

त्या चिनी मातीच्या ताटल्यांकडे आता वळते, कारण इथे आपला प्रदेश चित्रात येतो. प्रादोच्या आणखी एका चित्रात, साधारण १६११च्याच, पांढऱ्या चादरीचं टेबल आहे : मिठाचं पात्र, सोनेरी चषक, सारण भरलेली मोठी पेस्ट्री, भाजलेले पक्षी, आणि निळ्या-पांढऱ्या चिनी ताटलीत ऑलिव्ह. ही ताटली चीनमध्ये मिंग घराण्याच्या वानली सम्राटाच्या काळात, १५७२ ते १६२० दरम्यान, निर्यातीसाठी बनणाऱ्या भांड्यांपैकी. पोर्तुगीज व्यापारी ही भांडी मकावहून मलाक्का, तिथून गोवा, आणि तिथून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून लिस्बनला नेत. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या अंमलाखाली होते. म्हणजे १६११ साली गोव्याचा राजा होता स्पेनचा तिसरा फिलिप, आणि अँटवर्प जिच्या राज्यात होतं ती इसाबेला त्याची सावत्र बहीण. मांडवीवरचं बंदर आणि क्लाराचं टेबल एकाच राजघराण्याच्या हिशेबात होते.

मग डच आले. त्यांनी १६०२ मध्ये ‘साओ तियागो’ आणि १६०३ मध्ये ‘सांता कातारिना’ ही पोर्तुगीज जहाजं पकडली आणि त्यांतला माल नेदरलँड्समध्ये लिलावात विकला. चिनी भांड्यांची हौस उत्तर युरोपात पसरली ती या लिलावांनंतर जोराने. डचांना पूर्वेचा रस्ता समजावून सांगणाऱ्यांत यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा एक मोठा माणूस, आणि तो पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला होता. १५९६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात गोव्याच्या बाजाराचं चित्रही आहे. क्लाराने टेबलावर ती ताटली ठेवली तेव्हा हा सगळा प्रवास अगदी ताजा होता. ती ताटली अँटवर्पच्या घरात नवीन, महाग आणि कुतूहलाची होती. तिच्यात तिने ठेवलं काय, तर ऑलिव्ह. स्पॅनिश जेवणातली ओळखीची चव, चीनच्या भांड्यात.

मिठाईवरही थोडं थांबते. ती शुभ्र साखर अँटवर्पमध्ये शुद्ध होत असे. सोळाव्या शतकात ते शहर साखर शुद्ध करण्याचं युरोपातलं मोठं केंद्र होतं. कच्ची साखर मादेइरा, साओ तोमे आणि ब्राझीलहून येई, आणि ती पिकवणारे हात बहुतांश आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचे होते. चित्रात ते हात नाहीत. पण प्रदर्शन मांडताना मला त्या मिठाईखालच्या पाटीवर ते लिहावंसं वाटतं. पाटी लांब होते, प्रेक्षक पाट्या वाचत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी लिहावं. साखर इतकी सुंदर रंगवलेली असताना ती कुठून आली हे न सांगणं मला जमत नाही.

स्थिरचित्रांबद्दल एक सवय मात्र मोडायला हवी असं मला वाटतं. मेणबत्ती म्हणजे आयुष्याची नश्वरता, वाइन म्हणजे येशूचं रक्त, गळालेली पाकळी म्हणजे मृत्यू, अशी एक कोशवजा यादी घेऊन लोक ही चित्रं वाचतात. सतराव्या शतकात असे अर्थ होते, आणि कवटी-वाळूचं घड्याळ घालून मुद्दाम काढलेली चित्रंही पुष्कळ आहेत. पण क्लाराच्या टेबलाशी ही यादी लावली की सगळ्यात आधी हरवते ती स्वतः. लोण्याच्या वळीवर चाकूची धार उमटलेली तिने पाहिली, ते पाहायला कोणत्याही कोशाची गरज नाही. तिच्या माशांच्या चित्राचं उदाहरण घ्या. प्रादोमधलं, १६११चं. मासे, मेणबत्ती, आर्टिचोक, खेकडे, कोळंबी. केवळ माशांना मध्यभागी ठेवून काढलेल्या युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी हे एक. अँटवर्प कॅथलिक शहर. शुक्रवारी आणि लेंटच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून मासे. उपासाचं ताट कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्या ख्रिस्ती घरांना सांगावं लागणार नाही. या चित्रात धर्म आहे, पण तो दिवसाच्या जेवणातून येतो, सांकेतिक चिन्हातून नव्हे. खवल्यांचा ओला चकचकीतपणा, खेकड्याच्या पायांवरची लव आणि आर्टिचोकच्या पानांची टोकं पाहिली की कळतं, ती बाजारातून काय आलं आहे ते निरखून पाहणारी बाई होती.

तिच्या ससाण्याच्या चित्राचा उल्लेख फक्त करून पुढे जाते. मेलेल्या पक्ष्यांच्या टोपलीवर एक जिवंत ससाणा बसला आहे, शेजारी चिनी भांडी आणि शिंपले. ससाणा सोडून शिकार करणं हा सरदार-उमरावांचा शौक. या चित्रामुळे तिचे ग्राहक कोण होते याचा अंदाज बांधता येतो.

प्रादोच्या त्या प्रदर्शनाच्या मांडणीतली एक बाब आमच्या व्यवसायातल्या माणसांना विशेष भावली. पंधराच चित्रं, आणि त्यांना भरपूर मोकळी भिंत. क्युरेटरला मोह होतो तो भिंत भरण्याचा. लहान चित्र एकटं लावलं तर हरवेल या भीतीने आपण शेजारी आणखी चार लावतो, आणि मग पाचही हरवतात. लाकडी फळीवरच्या चित्रांची दुसरी अडचण हवेची. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि वर रंगाचा थर असतो जो त्याच्याबरोबर हलत नाही. त्यामुळे अशी चित्रं उसनी देताना मालक संग्रहालयं फार काळजी घेतात आणि पुष्कळदा नाही म्हणतात. चाळीसपैकी पंधरा एका ठिकाणी येणं ही त्यामुळेच मोठी गोष्ट होती.

क्लारानंतर या तळाच्या खोलीत मोठी माणसं आली. १७२८ साली पॅरिसच्या अकादमीने शार्दँला सदस्य करून घेतलं ते ‘प्राणी आणि फळं यांचा चित्रकार’ म्हणून. १७७० साली अ‍ॅन व्हालायेर-कॉस्तेर स्थिरचित्रांच्या बळावर त्याच अकादमीत गेली, आणि त्याच सुमारास अकादमीने स्त्री-सदस्यांची संख्या चारवर थोपवली. अ‍ॅम्स्टरडॅमची राखेल राउश ही तर आपल्या हयातीत युरोपभर गाजलेली फुलांची चित्रकार, एका जर्मन संस्थानिकाची दरबारी चित्रकार, दहा मुलांची आई, आणि ऐंशी वर्षांची झाल्यावर सहीशेजारी आपलं वय लिहिणारी. तिचं पहिलं मोठं स्वतंत्र प्रदर्शन म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये भरलं ते २०२४ साली.

आता मुंबईत येते. आपल्याकडे स्थिरचित्राला आयुष्य वाहिलेला एक मोठा चित्रकार होऊन गेला, आणि त्याचं नाव क्लारासारखंच मोठ्या दालनांच्या बाहेर राहिलं. कृष्णाजी हौलाजी आरा. १९१४ साली हैदराबादजवळच्या बोलारमला जन्म. लहानपणीच घर सोडून मुंबईत आले. घरकाम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी होण्याचं भाग्य त्यांना मिळालं नाही. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडॉल्फ व्हॉन लायडेन यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि पाठीशी उभे राहिले. १९४२ साली मुंबईत त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य, सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांच्याबरोबर. यातल्या काहींची नावं आज लिलावांच्या बातम्यांत येतात. आरांचं येतं, पण मागाहून.

आरांनी काय रंगवलं? फुलदाण्या. फळं. सुरया. जलरंग आणि ग्वाश ते तैलरंगासारखे जाड, भरघोस लावत. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांच्या ज्या चित्राला मिळालं त्याचं नाव ‘टू जग्ज’. दोन जग. कुठली लढाई नाही, देव नाहीत, राजा नाही. आधी मराठ्यांच्या लढाईच्या चित्रासाठी त्यांना पारितोषिक मिळालं होतंच, म्हणजे मोठ्या प्रसंगाचं चित्र त्यांना जमत होतं. त्यांनी दोन जग निवडले. दुसऱ्यांच्या घरातली भांडी घासलेल्या हाताने हे दोन जग असे रंगवले की पाहणाऱ्याला त्यांच्यासमोर उभं राहावंच लागतं. क्लाराने आपला चेहरा भांड्यात लपवला. आरांचा चेहरा तिथे नाही, पण कुंचल्याच्या प्रत्येक जाड फटकाऱ्यात त्यांचा हात आहे. पुढे आर्टिस्ट्स सेंटरमध्ये तरुण चित्रकारांसाठी त्यांनी जे काम केलं ते मुंबईच्या चित्रकारांच्या आठवणीत अजून आहे. १९८५ साली ते गेले.

मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या दालनात आरांची आठ-दहा स्थिरचित्रं मोकळ्या भिंतीवर एकत्र पाहता यावीत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. शेजारी क्लाराच्या चित्रांच्या मोठ्या छायाप्रती लावता येतील, चषकावरचे चेहरे हातभर मोठे करून. त्याला लागणारा खर्च फार नाही.

आणि या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे माझी एक मागणी आहे. तुम्ही सरांच्या नावाने दरवर्षी चित्रकला परीक्षेतल्या मुलांना बक्षीस देता. पुढच्या वर्षी स्थिरचित्राच्या बक्षिसासाठी वस्तू शाळेने मांडू नयेत. मुलांनी घरून आणाव्यात, स्वतः मांडाव्यात, खिडकी कोणत्या बाजूला ठेवायची तेही त्यांनीच ठरवावं. एखादी मुलगी स्टीलचा डबा आणेल आणि त्यात स्वतःचा चेहरा दिसला तर तो काढू का असं विचारेल. तिला ‘काढ’ म्हणून सांगणारे परीक्षक आधी नेमा. नावं सुचवायला मी तयार आहे.

आता प्रश्नांसाठी वेळ आहे. ज्यांना चषकावरचा चेहरा नीट दिसला नाही त्यांनी सांगावं, मी चित्र पुन्हा मोठं करून दाखवते.